साडेसात फुटी काठी

६ मे, सोमवार

परत निसटला! बास मासा गळाला चांगला अडकला होता. माझ्या चिमुकल्या होडीच्या, कयाकच्या, पोटाखालून पलीकडे पळाला. मी काठी होडीच्या पुढच्या टोकावरून फिरवायला गेले — पोचलीच नाही. दोरा होडीच्या तळाला घासला, तट्ट! मासाही गेला, गळही गेला.

डॅडी धक्क्यावर सँडविच खात उभे. "प्लॅस्टिकच्या टबात बसून अजून काय होणार, पोरी?"

साडेसहा फुटी काठी त्यांनीच दिलेली. म्हणे, बसून गळ टाकणाऱ्याला आखूडच बरी. स्वतः मोटरबोटीत ऐटीत उभे राहतात, आणि बसण्याचं शहाणपण मला!

७ मे

साडेसात फुटी आणली. वाटेत पीचचा ठेला दिसला, थांबले. ठेलेवाल्या म्हातारीनं फ्लॉरिडाच्या गोष्टी काढल्या. मी तिकडे संत्री तोडायला होते तेव्हा — असो. घरी यायला संध्याकाळ.

डॅडी काठी बघून हसतच सुटले. "मासा एका टोकाला, तू दुसऱ्या! बसल्या बसल्या या बांबूनं मासा जाळ्यात घेऊन दाखव शनिवारच्या स्पर्धेत. तुझ्या हाती तो येणारच नाही, लाव पैज! हरलीस तर भटकणं बंद. सोमवारपासून ओपल आत्याच्या टायरच्या दुकानात काम. मी हरलो, तर मी जाईन."

मी म्हटलं, जाळ्यात काय घेऊन बसलात, पहिल्या तिघांत येते! टेक्सासच्या मोठ्या स्पर्धेला जाते! नाही आले तर आपल्या पायांनी जाईन दुकानात.

तोंड माझं. कधी सुधारणार!

८ मे

टोक आता झकास पलीकडे पोचतं. पण मुठीचं बूड लाइफ जॅकेटमध्ये अडकतं. दर फेकीला बरगडीत ठोसा. वर मासा ओढून आणला तरी हातभर लांबच राहतो. म्हणजे डॅडींचं खरं होतं. मेले तरी त्यांना सांगणार नाही.

९ मे

करवत घेतली आणि मुठीचं बूड वीतभर उडवलं!

डॅडी धावत आले. "अगं, चांगल्या काठीचा मुडदा पाडलास!"

पाडला. माझी काठी, माझी बरगडी. बुडाला शिशाचा तुकडा चिकटवला, तोल आला. राहिला मासा जवळ आणायचा प्रश्न. काठी डोक्यावरून पार पाठीमागे न्यायची, मग मासा आपसूक कुशीला येतो. अंगणात गळाला बादली लावून करून पाहिलं. कुत्र्यानं बादली पळवली.

१० मे

काही केलं नाही. मक्याचे ग्रिट्स खाल्ले, लोळले.

११ मे, शनिवार

एका पडक्या धक्क्याच्या सावलीत गळ टाकला आणि बासची एक मादी आली. ती म्हणजे काय — डुक्करच! कयाकखालून पळाली. टोक पाण्यात बुडवलं, पुढून फिरवलं. दोरा शाबूत! काठी डोक्यामागे, जाळं खाली, आणि बाई आत! डॅडी बोट बंद करून लांबून बघत होते. मी मुद्दाम हात हलवला.

मोजपट्टीवर ठेवली. बावीस इंच! फोटो काढला, सोडून दिली. आम्हा कयाकवाल्यांच्या स्पर्धेत वजन करत नाहीत, फोटो हाच पुरावा. आणि त्यात स्पर्धेचं त्या दिवसाचं कार्ड दिसायला हवं.

संध्याकाळी पंच क्लोव्हिस म्हणाला, "मासा झ्याक. पण कार्ड कुठाय?"

मनगटाला बांधलेलं. काठी डोक्यामागे नेताना फिरून आतल्या बाजूला गेलं. फोटोत नुसता पट्टा! मासा बाद. मी चौथी.

डॅडी तावातावानं पुढे. "मी डोळ्यांनी बघितलाय तो मासा!"

"तुझे डोळे फोटोत नाहीत, हॉइट."

मी म्हटलं, चला डॅडी, नियम म्हणजे नियम. रडले नाही. गाडीत बसेपर्यंत तरी नाही.

१२ मे

जेवताना मी तोंड उघडलं — चुकलं ते कार्ड. काठी बरोबरच होती! डॅडी पावासारख्या बिस्किटाला ग्रेव्ही लावत राहिले.

१३ मे, सोमवार

सकाळी दुकानात गेले. डॅडी एका ट्रकखाली जॅक लावत होते, कपाळापर्यंत काळे. ओपल आत्या मला म्हणाली, "पैज हरलेला माणूस केव्हाच कामाला लागलाय. तू कशाला आलीस?"