एउफेमियाच्या गाण्याचं दुसरं कडवं

न्यूयॉर्क, रविवार

प्रिय एदेल्मीरा आत्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. माझ्या स्पॅनिशला हसशील, हस. लहानपणी फोनवरचं तुझं बोलणं मला निम्मं कळायचं नाही, पण तू गायला लागलीस की मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरायचे. ‘आई, दिवा लाव, नदीवरून होडी येते आहे.’ एवढं एकच कडवं. पुढचं म्हण म्हटलं की तू म्हणायचीस, “पुढं काही नाही गं पोरी, तू आधी जेव बघू.”

इतकी वर्षं मी इंग्रजीतच गात आले. यंदा हट्टानं आपल्या घराचं गाणं केलं. तुझं कडवं, आपले ढोल, आपली बासरी, आणि नाव आजीचं : ‘एउफेमिया’. रेकॉर्ड कंपनीवाले म्हणाले, यावर नाचता यायला हवं. मी लय वाढवली. मुलाखतींत सांगत सुटले, हे गाणं मला आजीनं शिकवलं. ज्या आजीला मी कधी पाहिलंसुद्धा नाही. आत्यापेक्षा आजी लोकांना आवडते, असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते पटलं.

मग आम्ही चित्रीकरणाला तुझ्या गावी आलो. दिग्दर्शकानं बोगोताहून आणलेल्या नटीला आजी करून दारात बसवलं, आणि तुला मागं मक्याचे आरेपा तळायला उभं केलं. तू पिवळा झगा मुद्दाम शिवून घेतला होतास. मी तो पाहिला, आणि रंगभूषेला जाऊन बसले. ढोल वाजवता वाजवता म्हातारा तोबियास थांबून म्हणाला, “एदेल्मीरा, दुसरं कडवं कधी घ्यायचं?” तू मान वर न करता म्हणालीस, “तू वाजव मुकाट्यानं, माझं तेल तापलंय.” सगळे हसले. मीही हसले.

चर्चसमोरच्या चौकात पडदा लावून गावाला गाणं दाखवलं, तेव्हा त्यात तू कुठंच नव्हतीस. तरी तुझा निरोप आला, “छान झालंय. सगळं गाव नाचलं. जरा खात जा, गालफडं बसलीत.” त्यानंतर फोन बंद.

इथं गाण्याच्या पार्टीत सगळे नातेवाईक नाचत होते आणि बाबा स्वयंपाकघरात नळ सोडून बशा धुत होते. डोळे लाल. मी पाहुण्यांना सांगितलं, लेकीच्या कौतुकानं रडतायत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या गाडीत रेडिओवर ते गाणं लागलं आणि त्यांनी बंद केलं. मी चिडले. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि, कधी न गाणारे बाबा, फाटक्या आवाजात म्हणाले, ‘होडी आली, आई, पण तो नाही आला. तुला नेलं तेव्हा एक खांदा कमी होता.’ आजी गेल्यावर नवव्या, शेवटच्या प्रार्थनेच्या रात्री तू हे गायलीस आणि तोबियासनं त्याची कॅसेट पाठवली, हे मला तेव्हा कळलं. “माझे इथं राहायचे कागद झाले नव्हते,” बाबा म्हणाले. “गेलो असतो तर परत येऊ दिलं नसतं. तू तुझ्या आईच्या पोटात होतीस.” पुढं कागद झाले, पण मग तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य होईना.

मला बापाबद्दल वाईट वाटू नये म्हणून तू इतकी वर्षं अर्धंच गात राहिलीस, आत्या. आणि तुझ्या रडण्यावर मी लोकांना नाचवलं. परवा रेडिओवर मी सांगून टाकलं की हे गाणं तुझं आहे. पण लोक लग्नात त्यावर नाचतात, ते आता मला थांबवता येत नाही.

माफी मागायला मी स्वतः येईन, ती पत्रात उरकायची नाही. हे पत्र बाबांसाठी आहे. त्यांनी मृतांच्या दिवसासाठी तिकडचं तिकीट काढलंय. चार ओळी लिहायला बसले, कागद फाडले आणि म्हणाले, “तूच लिही. ती माझं अक्षर बघून फेकून देईल.” तुझ्या घरी उतरायचा आग्रह नाही, धक्क्याजवळ खोली घेतील. त्यांची एकच अडचण आहे. त्यांच्या आईला कुठं पुरलंय हे त्यांना माहीत नाही, आणि स्वतःच्या गावात ते परक्याला कसं विचारायचं, म्हणतात. तू त्यांना तिथवर नेशील का?

तुझीच,
नायिबे