मुदतीचा मुद्दा

चौल, ता. २० जून १९४८

चि. दिनानाथ यास अनंतादादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

दांडेबंदरला न्यायाधीश म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं पत्र काल पोचलं. तुझ्या वेणूवहिनीने साऱ्या आळीत गूळखोबरं वाटलं. मला वकिलीची सनद मिळाली तेव्हा तिने शेजारीही कळवलं नव्हतं, ते असो. बाबांनी पत्र तीनदा वाचून घेतलं. भाच्याने नाव काढलं, म्हणाले. त्या भाच्याला कायदा याच पडवीत कोणी शिकवला, हे त्यांना आठवलं नाही.

त्याच जागेसाठी मीही मुलाखत दिली होती. वय जास्त भरलं म्हणे. मला त्याचं काही वाटत नाही. खाडीपलीकडे कालपर्यंत संस्थानी अंमल होता, तिथल्या लोकांना नवा कायदा शिकवायला तरुण माणूसच हवा. तब्येत जप. आमच्यावरची माया खुर्चीबरोबर बदलू नये.

तुझा,
अनंतादादा

दांडेबंदर, ता. ९ सप्टेंबर १९४८

ती. अनंतादादांस दिनानाथचा सा. न. वि. वि.

जुन्या जकात कचेरीत न्यायालय भरतं. छप्पर गळतं, म्हणून दोन्ही पक्ष एकाच कोपऱ्यात दाटीने उभे असतात. परवा एका म्हाताऱ्या साक्षीदाराने गेलेल्या सरकारची शपथ घेतली. ते सरकार आता नाही म्हटल्यावर, मग खरं कोणापुढे बोलू, असं त्याने मलाच विचारलं. मुंबईचे कायदे लागू झाले, पण पुस्तकं आलेली नाहीत. जुन्या संस्थानी पुस्तकांवर भागवतो आणि अडलं की तुमची आठवण काढतो.

तुम्ही होडीने येऊन माझ्यापुढे उभे राहता, मला साहेब म्हणता, तेव्हा खुर्ची टोचते. एका ओट्यावर बसलो तर लोक बोलतील, म्हणून पत्रातच भेटायचं. माझं कुठे चुकलं तर भर न्यायालयात सांगा. मामांना व वहिनींना नमस्कार. या धाकट्यावर कृपा राहू द्यावी.

आपला,
दिनानाथ

चौल, ता. ४ मार्च १९५०

चि. दिनानाथ यास आशीर्वाद वि. वि.

भागुबाई कोळणीच्या दाव्यात काल तू माझ्याविरुद्ध निकाल दिलास. तिची मासळी सुकवायची जागा बोटमालक कोंडाजीने बळकावली, पण तिने तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावला नाही, असं तू लिहिलंस. निकालाची भाषा छान होती. बाहेर वकील मंडळी तुझ्या अक्षराचंही कौतुक करत होती.

बाई रडली नाही. टोपली उचलून निघून गेली. बाबा आजारी आहेत. शुद्धीवर आले की तुलाच विचारतात. मी उशाशीच बसलेला असतो. सवड झाली तर येऊन जा. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

अनंतादादा

धुळे, ता. १५ जानेवारी १९५१

ती. अनंतादादांस सा. न. वि. वि.

बदलीची बातमी कळलीच असेल. माझ्याविरुद्ध वरती निनावी अर्ज गेला. मी पक्षकारांकडून मासळी घेतो, होडीचं भाडं देत नाही, वगैरे सगळं खोटं. पण शेवटचं कलम खरं होतं. विलीनीकरणानंतर भागुबाईच्या दाव्याला मुंबईचा कायदा लागू होता, मुदत संस्थानी कायद्यातली तीन नव्हे, बारा वर्षांची होती. ही चूक माझीच, असं मी लेखी कबूल केलं. वरच्या न्यायालयाने उशीर माफ करून तिचं अपील घेतलं, जागा तिला परत मिळाली. माझी बढती मात्र थांबली.

एक विचारतो, राग मानू नये. तिचे वकील तुम्ही होतात. मुदतीचा कायदा मला तुम्हीच शिकवलात. मग तो मुद्दा तुम्हांला कसा सुचला नाही? उत्तराची वाट पाहतो.

दिनानाथ

चौल, ता. २२ ऑक्टोबर १९५२

चि. दिनानाथ यास,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. तुझं पत्र पावणेदोन वर्षं पेटीत आहे. मला मुद्दा सुचला होता. दाव्याच्या पहिल्याच दिवशी सुचला. मी उठलो नाही, कारण तू चुकताना मला पाहायचं होतं. मग अर्जही मीच लिहिला.

तू आत यायचास तेव्हा शिपाई मला उभं करायचा. घरी आलो की वेणू आधी तुझी खुशाली विचारायची. बाबा गेले ते तुझं नाव घेत. माझ्या ताटातलं एकेक काही तू उचलून नेतोस, असं वाटायचं. तू काहीही उचललं नव्हतंस, हेही कळत होतं, आणि म्हणून जास्तच जळत होतो.

गेल्या आठवड्यात भागुबाईकडे जाऊन सारं सांगितलं. ती बोंबील वाळत घालत होती, हात थांबले नाहीत. वकील हरतो हे तिला माहीत होतं, मुद्दाम हरतो हे माहीत नव्हतं, म्हणाली. तुमच्या भावाने तुमचं काय नेलं होतं, एवढंच तिने विचारलं. मग तिने मला अंगणातून जायला सांगितलं. सनद परत केली आहे. वेणूलाही सांगितलं आहे. तुझ्याकडे काही मागत नाही.

अनंता

धुळे, ता. ३ नोव्हेंबर १९५२

ती. अनंतादादांस दिनानाथचा सा. न. वि. वि.

अर्ज तुमचाच, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्यातली वाक्यं तुम्ही मला पडवीत शिकवलेली होती. अर्जाचं मला फारसं लागलं नाही. पण माझा सूड घ्यायला तुम्ही एका बाईचा मासळी सुकवायचा अख्खा उन्हाळा वापरलात. ते मला अजून गिळता येत नाही. सनद परत केलीत, ते योग्य केलंत.

तुम्ही काही मागितलं नाहीत, तरी कळवतो. येत्या शनिवारच्या लाँचने रेवदंड्याला उतरतो. वहिनींना सांगा, भात जरा जास्त टाका. माझा राग गेलेला नाही. रागावलेलाच येणार आहे, आणि तुमच्या शेजारी पाट मांडून जेवणार आहे. बोलणं काय ते जेवण झाल्यावर.

आपला,
दिनानाथ