कर्सर कुणाच्या हाताने चालवायचा

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (मनगटावर भार द्यायला डॉक्टरांनी मनाई केलीय, त्यामुळे यावेळी नुसता वाकून; गोड मानून घ्यावा). तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला आटोक्यात असतील अशी आशा आहे. तुमची बहीण तिथे सुखरूप पोहोचल्याचं तुमच्याकडून कळलं. तिच्याकडून काहीच कळलं नाही. हवापालटासाठी आले असं तिने सांगितलं असेल, पण इथल्या हवेला काही झालेलं नाही. झालंय ते कीबोर्डला.

आम्ही दोघं यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. कॉम्प्युटर एक, माणसं दोन: सकाळी ती कच्चं लिहिते, दुपारी मी त्यावर हात फिरवतो. ओळीत मागेपुढे जायला हात सारखा कोपऱ्यातल्या बाणांच्या बटणांकडे न्यावा लागतो, त्यातच माझं मनगट कामातून गेलं. तेव्हा शोध लागला, की आम्ही ज्यात लिहितो त्या एडिटरमध्ये कर्सर कुठल्या बटणांनी हलवायचा हे आपलं आपण ठरवू शकतो. या घरात आजवर मला काहीच ठरवता आलेलं नसल्यामुळे (पडद्यांचा रंगसुद्धा) मी हुरळून गेलो. कंट्रोलच्या जोडीला उजव्या हाताखालची चार बटणं घेऊन वर, खाली, मागे, पुढे असं सगळं बसवलं. शब्द ओलांडायला वेगळं, परिच्छेद ओलांडायला वेगळं. तिला तेवढं सांगायचं राहिलं. आणि ती पडली डावखुरी.

दुसऱ्या दिवशी तिने मथळा तिरपा करायला नेहमीचं बटण (माझ्या चारांतलंच एक) दाबलं, तर अक्षरं होती तशीच उभी राहिली आणि कर्सर वर चढला. ती मान खाली घालून कागदाकडे बघत टाइप करते. परिणामी लिफ्टच्या पुस्तिकेत 'लिफ्ट मध्येच अडकल्यास' याखाली 'मऊ, कोरड्या कापडाने पुसून घ्यावे' असा सल्ला गेला. (दुपारी तो माझ्याही नजरेतून निसटला, ते जाऊ द्या.) कंपनीच्या साहेबांनी फोनवर माझी बिनपाण्याने केली. मग तिने सगळी बटणं डाव्या हाताखाली नेली, मी परत उजवीकडे आणली, तिने परत नेली. शेवटी तह झाला: वर-खाली तिच्या बाजूला, मागे-पुढे माझ्या. त्यात दोन्ही हात कर्सर हाकण्यातच गुंतले, लिहायला तिसरा कुठून आणायचा? माझ्या आईने आयुष्यात एक अक्षर टाइप केलेलं नाही. ती म्हणाली, "अरे, त्या बटणांवर बाण काढलेत ना? मग भांडताय कशाला?"

पण भांडण काही थांबलं नाही. शेवटी मी वैतागून म्हणालो, जगच उजव्या हाताचं आहे, त्याला मी काय करू? ती काही बोलली नाही. (तुमच्या बहिणीचं न बोलणं काय चीज आहे हे तुम्ही लहानपणापासून भोगलंच असेल.) संध्याकाळी तिने बॅग भरली. दादा, मी खरंच दमलोय. पाण्याच्या पंपाची पुस्तिका अर्धवट पडलीय, मुदत डोक्यावर आलीय, तिच्यावाचून काम अडलंय. दडपण म्हणून नव्हे, निव्वळ व्यवहार म्हणून कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता.क. सगळी बटणं तिच्या डाव्या हाताखाली लावून ठेवलीत, हे तिच्या कानावर घालावं. हे पत्रही तसंच टाइप केलंय, म्हणून पोहोचायला उशीर.

आणखी एक ता.क. वहिनी पत्र मोठ्याने वाचत असतील तर त्यांना इथे थांबवा. काम अडलंय हे खोटं आहे. पंपाची पुस्तिका मी एकट्याने पुरी करून परवाच पाठवली. एक चूक निघाली नाही, साहेबांनी चक्क शाबासकी दिली. ते तिला सांगायला मी उठून आतल्या खोलीत गेलो, आणि मग आठवलं. तिच्यासाठी इथे काहीएक काम नाही, दादा. तरी तिला पाठवून द्या.