आठ प्रश्न, आठ नाही

३ तारीख
कॉलेज सोडलं ते योग्यच झालं. प्रॅक्टिकलच्या सरांची कॉलर धरली नसती, तर सिस्टर भेटल्याच नसत्या. मुलांच्या लसीकरण केंद्रात टेबल मिळालंय. आईबापांना आठ प्रश्न विचारून फॉर्म भरायचा: ताप, अ‍ॅलर्जी, चालू औषधं वगैरे. तो बघूनच सिस्टर आत लस देतात. म्हणजे दिवसभर माझं अक्षर त्यांच्या हातात!

५ तारीख
रांगेतले एक आजोबा ओरडले, "अहो, बाळाला टोचायचंय की त्याचं लग्न जमवायचंय?" डोकं फिरलं. सिस्टर बघत होत्या म्हणून गिळलं. तसंही सगळे 'नाही'च म्हणतात.

६ तारीख, सकाळी ८
शंभर फॉर्मवर आठही 'नाही' आधीच टिक करून ठेवले. याला म्हणतात सिस्टिम.
दुपारी: बाराला रांग खलास. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही आल्यापासून दोन घास सुखाने खाता येतात हो." सुखाने! तुम्ही आल्यापासून!

१० तारीख
ताई बटणला घेऊन आली, कांजण्यांच्या लसीसाठी. भाचीचे गाल मस्त गुबगुबीत झालेत. तसं म्हटलं तर ताई म्हणते, "अरे, किडनीच्या गोळ्यांनी सुजलेत ते." हिला कौतुकच सोसत नाही. टिक केलेला फॉर्म हातात देऊन, रांग मोडून थेट आत पाठवलं. "काही विचारायचं नाही का रे?" "घरच्या माणसाला काय विचारायचं!" रुबाब पडला. सिस्टर हसल्या.

२२ तारीख
बटणला ताप, अंगभर फोड. ताई पहिल्यापासून घाबरट. लसीने थोडंफार येतंच, असं ठणकावून सांगितलं.

२४ तारीख
बटण हॉस्पिटलात. श्वास लागलाय. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या. त्या चालू असताना ही लस द्यायचीच नसते म्हणे. आमच्या केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा फॉर्म काढला. प्रश्न सहावा, चालू औषधं: नाही. खाली सही सिस्टरची. त्यांना घरी बसवलं. जाताना म्हणाल्या, "तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला मी." एरवी हे वाक्य दहादा लिहून काढलं असतं.
उद्या डॉक्टरीणबाईंना खरं सांगायचं. नक्की.

२५ तारीख
डॉक्टरीणबाई मीटिंगमध्ये होत्या. उद्या.
हॉस्पिटलात गेलो. बटण काचेपलीकडे, नाकात नळी. नर्सने नवा फॉर्म आणला. घरातला जबाबदार माणूस म्हणून मीच पुढे झालो. चालू औषधं? हात आपसूक 'नाही'वर गेला.
ताईने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.