विठूच्या घरचं कोण आलंय?

धसई,
डिसेंबर २००४

प्रिय विठू,

हे पत्र केंद्रातली तानी तुला वाचून दाखवेल. ताने, सावकाश वाच गो, आणि मधलं काही गाळू नकोस.

विठू, मी बरी आहे. घराच्या मागेच आमची भाताची गिरणी आहे. दिवसभर कोंडा उडतो आणि संध्याकाळी माझे केस म्हातारीसारखे दिसतात. तुझे दाजी कमी बोलतात, पण जेवायला बसले की तुझी चौकशी करतात. वहिनी तुला वेळेवर जेवायला देते ना? शर्टाची बटणं तू आता स्वतः लावतोस असं दादाने फोनवर सांगितलं. मला खरंच वाटलं नाही.

आई गेल्यावर तुझी अंघोळ, तुझं जेवण सगळं माझ्याकडे आलं. त्याचं मला ओझं नाही, असं मी लोकांना सांगायचे. कधी कधी ओझं वाटायचं, विठू. शहापूरला तुमच्यासारख्यांना हातकाम शिकवणारं केंद्र निघालं तेव्हा दादा नको म्हणत होता, मीच हट्ट धरला. तू काही शिकशील असं तेव्हा माझ्या मनातही नव्हतं. दिवसातले चार तास घर मोकळं मिळावं, एवढंच मला हवं होतं. सुरुवातीला मी तुझ्यासोबत किन्हवलीहून एसटीने यायचे आणि बाहेर पायरीवर बसून राहायचे, कारण तू माझा पदर सोडायचा नाहीस. बोटाला खळ लागली की ओरडायचास. केंद्राच्या संघरत्नाताईंनी तुला खळीला हात लाव असं कधी म्हटलंच नाही. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या तुझ्या हातात दिल्या आणि नुसत्या धरून उभा राहा म्हणाल्या. दिवाळी जवळ आली तेव्हा तूच त्या चिकटवायला लागलास. तू केलेला आपल्या दारातला कंदील शेजारची रखमीकाकू विकत मागायला आली, तर तू तिला हात लावू दिला नाहीस.

मग छत्तिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. सासरी निघाले त्या सकाळी तू माझी ट्रंक गाडीत चढवलीस आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसलास. तू येणार नाहीस हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. दादाने दंडाला धरून तुला उतरवलं. जागा झाली की तुला न्यायला येते, एवढंच मी खिडकीतून म्हटलं.

जागा झाली. दाजींनी पावसाळा संपल्यावर पडवीला भिंत घातली, तुझ्यासाठी खाट टाकली. मला म्हणाले, "विठूला आता घेऊन ये. तो आपल्यातच बरा राहील." इथून शहापूरला रोज येणं-जाणं व्हायचं नाही, म्हणजे तुझं केंद्र सुटणार. तरी मी निघाले. तुझे कपडे भरायला रिकामी पिशवी घेतली.

तो तुमच्या स्नेहसंमेलनाचा दिवस होता. होय विठू, मी आले होते. मांडवात सगळ्यात मागे, खांबाच्या आड उभी होते. तानी चाकाच्या खुर्चीत बसून हलगी वाजवत होती, बाकीची लेझीम खेळत होती, आणि तू तिची खुर्ची हलगीच्या ठेक्यावर गोल फिरवत होतास. एकदाही तोल गेला नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि तुला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. माझा भाऊ एवढा उंच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर फोटोसाठी संघरत्नाताई एकेकाच्या घरच्यांना पुढे बोलवू लागल्या. दादा मळणीत अडकला होता. ताईंनी विचारलं, "विठूच्या घरचं कोण आलंय?" मांडवातून कुणी उठलं नाही. तेव्हा तू हात वर केलास आणि म्हणालास, "मी हाय ना."

मी खांबाआड तशीच उभी राहिले. पुढे गेले तर तू पुन्हा माझा पदर धरशील आणि तुझा एवढा चांगला दिवस मोडेल, असं मनाला समजावलं. ते अर्धंच खरं. लग्नानंतर मी सकाळचा चहा गरम असताना प्यायला लागले आहे, विठू. तुझ्याआधी ते माझ्या मनात आलं. पिशवी काखेत धरून मी मुरबाडच्या गाडीत बसले.

घरी आल्यावर दाजींना सांगितलं, तो यायला नाय म्हणतो. खाट मात्र अजून काढलेली नाही, आणि रोज केर काढताना मला तिच्याखाली वाकावं लागतं. तू असं काही म्हणालाच नव्हतास. तुला गाडीतून उतरवलं तेव्हा विचारलं नव्हतं, आणि न्यायला आले तेव्हाही विचारलं नाही. काल दाजींना खरं सांगितलं. ते म्हणाले, त्यालाच विचार. म्हणून हे पत्र. शनिवारी मी केंद्रात येते, या वेळी पुढच्या दाराने. धसईला माझ्याकडे राहायचं, की दादाकडे राहून केंद्रात जायचं, ते तू ठरव. घाई करू नकोस, हवं तर तानीशी बोल. तू माझ्यासोबत आलास तर मला आनंद होईल, हे मी आज छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण तू येतो म्हणालास, तर मी तुला घेतल्याशिवाय गाडीत चढणार नाही.

तुझीच,
सरूताय