हिरडीतलं हाड

नागपूर, बुधवार

चि. रिना,
सप्रेम जय भीम. हिरडीला टाके आहेत, फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे. आरमोरीला धानकापणी लागली का? तुझ्या प्रणितचा ताप उतरला का?

माझे हलणारे चार दात डॉक्टरांनी काढले नाहीत. माझ्याच हातातून रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं आणि त्यातला कामाचा भाग हिरडीत, हाड झिजलं होतं तिथं भरला. हाड पुन्हा धरेल, सहा महिन्यांनी कळेल म्हणाले.

त्याआधी त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, तंबाखू, खर्रा, नस असं काही?" मी म्हटलं, "अहो, मी पोरांचे खर्रे हिसकावणारी मास्तरीण!" ते हसले आणि कागदावर 'नाही' लिहिलं. मी लिहू दिलं. आज म्हणाले, "तंबाखू असती तर हाड धरणं कठीण होतं." माझी रोजची नस मी तरीही लपवली.

तुला नस मीच लावली. आठवीत तुझी दाढ दुखली, तेव्हा भाजल्या तंबाखूची ती पूड मी तुझ्या बोटावर ठेवली. तू कळवळलीस, "काऊन वं बाई, जळते ना!" मी दटावलं, "गप. आराम पडते." मी तेव्हा बी.ए. झालेली होते. आता तुझे पुढचे दात गेले आणि मी माझे वाचवायला इथं बसले आहे.

शुक्रवारी टाके काढतील, तेव्हा खरं सांगणार आहे. तुझंही नाव तिथं नोंदवते. सोमवारी ये, उरलेले दात दाखवू. मी फोन करून नस मागवली, तरी आणू नकोस.

तुझी थोरली बहीण,
पंचशीला