निसटलेला फर्मा आणि खालच्या दोन खोल्या

मी, खाली सही करणारा, वय सेहेचाळीस, धंदा पुस्तकबांधणी, विधुर, मूलबाळ नाही, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मन स्वस्थ आहे असे मात्र लिहवत नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर "काळजी करू नका" म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात "कागदपत्रं करून ठेवा." ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात केलेले माझे मृत्युपत्र याने रद्द होते.

१. शिकंजे, कटिंग मशीन, सुया-दोरे आणि बँकेतली ठेव माझ्या पुतणीस, म्हणजे दादाच्या मुलीस. मोठा शिकंजा आवळताना डावीकडे अर्धा आटा कमी द्यावा, नाहीतर पुठ्ठा वाकडा बसतो. हे दहा वेळा सांगितले आहे. अकराव्यांदा लेखी.

२. घर. वडिलांनी ते माझ्या नावे केले. खालच्या दोन खोल्यांत दादा-वहिनी राहतात. रद्द केलेल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की दादाने तीन महिन्यांत खोल्या सोडाव्यात आणि घर विकून पैसा अनाथाश्रमाला द्यावा. वाचणाऱ्याला ते दान वाटले असते. मला दादाला रस्त्यावर आणायचे होते, आणि तेही देवाच्या नावाने.

कारण असे. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. तिच्या आजारात सात महिने मी गुडघे टेकून प्रार्थना केली. कबरीवर माती पडत असताना दादा, चर्चच्या मंडळीतला वडीलधारा, म्हणाला, "धाकट्या, विश्वास कमी पडला बघ." तेव्हापासून आमचे बोलणे वहिनीच्या तोंडून चाले. "टाकी भरली का, असं विचारताहेत," ती जिन्यातून ओरडे. विचारणारा तिच्या मागेच उभा असे.

पत्नीच्या स्मरणार्थ मी मंडळीला चाळीस गीतपुस्तके बांधून दिली. यंदा पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पाळकांनी गीत एकशे सतरा सांगितले. पाने चाळण्याचा आवाज थांबेना. दुःखसहनाच्या गीतांनंतर थेट दफनविधीची गीते होती. मधला पुनरुत्थानाच्या गीतांचा फर्मा, एकत्र शिवायचा सोळा पानांचा जुडगा, एकाही प्रतीत नव्हता.

दादा पहिल्या बाकावरून वळून म्हणाला, "बाइंडर, प्रभूला कबरीतच ठेवलंस की रे!"

सगळे हसले. पाळक म्हणाले, तोंडपाठ म्हणू या. तोंडपाठ फक्त पहिले कडवे होते. तेच तीनदा म्हटले, तिसऱ्यांदा जरा हळू.

सोमवारी त्या फर्म्याच्या चाळीस प्रतींचा गठ्ठा शिकंज्यामागे सापडला. त्यातली गीते पत्नी भांडी घासताना म्हणे. फर्मे जुळवताना हा शेवटी घेऊ म्हणून मीच बाजूला ठेवला होता. विसरलो, की मला तो नकोच होता? रोजनिशीची चार पाने खर्चूनही ठरले नाही.

त्याच दुपारी दादा आपली प्रत घेऊन वर आला.

"एवढी नीट कर."

"एक केली तर चाळीस कराव्या लागतील. सगळी शिवण उसवावी लागते."

"मग उसव. मी धरतो."

"तुला जमायचं नाही."

"तोंड चालवतोस तसे हात चालव."

चौथ्या प्रतीला तो दोऱ्याकडे बघत म्हणाला, "मीही सात महिने मागत होतो, धाकट्या. तिच्यासाठी. मिळालं नाही. तिथं काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो." मग म्हणाला, "चहा टाक."

माफी हा शब्द काही आला नाही. मी चहा टाकला आणि चडफडत राहिलो. तीन वर्षे जपलेला राग एका कपात कसा विरघळावा? विरघळला नाहीच. पण आधीचे मृत्युपत्र त्यानंतर मला वाचवेना.

पाळक म्हणतात, आता शांती मिळाली असेल. नाही मिळाली. शिष्यांना कबर रिकामी असल्याचे कळले, तरी ते दारे लावूनच बसले होते. प्रभू आत आला, तो त्या लावलेल्या दारांतून. एवढ्यावर माझा विश्वास आहे. याहून जास्त बसत नाही, आणि याहून कमी करायला गेलो तर तेही आता जमत नाही.

सबब, खालच्या खोल्या दादा-वहिनींच्या, दोघे हयात असेपर्यंत. पुढे सबंध घर पुतणीचे. वरच्या मजल्याचे भाडे अनाथाश्रमाला. तिथल्या मुलांना मी उगाच माझ्या सूडात ओढले होते.

३. मला पत्नीशेजारी पुरावे. प्रवचन दहा मिनिटे. कोणाचा विश्वास किती होता याचे माप काढू नये, माझेही.

४. दादाला क्षमा केली असे लिहायला बसलो होतो. हा कागद कोर्टात वाचला जाईल. त्यात खोटे नको. कबरीजवळचे ते वाक्य अजून ऐकू येते. एवढेच लिहितो की नऊ प्रती शिल्लक आहेत आणि शनिवारी त्याला वर बोलावले आहे, वहिनीकडून नव्हे, स्वतः खाली जाऊन. त्याला यातून लाभ होत असल्याने साक्षीदार म्हणून सही चालत नाही, म्हणून तो बाहेर जिन्यात थांबला आहे. आतापर्यंत दोनदा विचारून झाले, "झालं का रे?"

झालेले नाही. तरी सही करतो.

सही: बाइंडर

आम्हा दोघांसमोर त्याने सही केली. त्याच्यासमोर आम्ही करतो.

साक्षीदार १: पाळक. (दहा मिनिटांची अट वाचली. मान्य केलेली नाही.)

साक्षीदार २: शेजारचा घड्याळजी. (हात स्थिर होता.)

स्थळ: वरच्या मजल्यावरची बांधणीची खोली
दिनांक: पुनरुत्थानाच्या रविवारानंतरचा गुरुवार, सकाळी अकरा